समुपदेशक व्हायचे आहे? फी भरण्याआधी वाट आखून घ्या



बारावीचा निकाल लागला की वस्तीत विचारणा सुरू होते. पूर्वी मुली नर्सिंगचे आणि डी.एड.चे विचारायच्या. आता एक नवा प्रश्न येतो, "ताई, समुपदेशनाचा कोर्स कुठे असतो? किती दिवसांचा असतो?" सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वस्त्यांमधून आरोग्याचे काम करताना हा प्रश्न ऐकला की आम्हाला बरे वाटते. पण त्याच्या मागोमाग बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या एखाद्या कोर्सचे पत्रक पुढे येते आणि फी भरायची तारीखही जवळ आलेली असते. म्हणून या वेळी आरोग्य पानावर हा एकच विषय घेतला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. समुपदेशनात आधी कोर्स निवडायचा नसतो. आधी काम ठरवायचे. त्या कामाला कायद्याने कोणती पदवी आणि कोणती नोंदणी लागते ते पाहायचे. मग कॉलेज शोधायचे आणि मग पैशाची तजवीज करायची. हा क्रम उलटा झाला तर घरातले पैसे आणि मुलीची दोन-तीन वर्षे हातची जातात.

गरज किती आहे

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसले. आजाराच्या प्रकाराप्रमाणे त्यातल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या. देशात हा आकडा सर्वांत मोठा आहे. राज्य सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. आपल्या दोन जिल्ह्यांत त्यातले एकही नाही.

पण वस्तीतले सगळेच दुःख दवाखान्यात नेण्याचे नसते. घरातली दारू, मारहाण, बचत गटाच्या आणि खाजगी कर्जाचे हप्ते, दहावीला नापास झालेला मुलगा, कामाच्या ठिकाणी जातीवरून झालेला अपमान, मनाविरुद्ध ठरलेले लग्न. अशा वेळी माणूस एकतर गप्प बसतो किंवा कोणीतरी त्याला देवऋषाकडे नेते. तिथे शिकलेला, विश्वासाचा, आपली बोली समजणारा माणूस हवा असतो. तो सल्ले देत नाही आणि उपदेशही करत नाही. तो नीट ऐकतो, समोरच्याला स्वतःचा मार्ग दिसेल असे प्रश्न विचारतो, आणि डॉक्टरकडे कधी पाठवायचे हे त्याला पक्के कळते. हे कसब अभ्यासाने आणि देखरेखीखालच्या सरावाने येते, नुसत्या मायाळू स्वभावाने येत नाही.

पाट्या वेगळ्या, शिक्षण वेगळे

लोक सगळ्यांनाच 'मनाचे डॉक्टर' म्हणतात. प्रत्यक्षात चार वेगळे व्यवसाय आहेत.

मनोविकारतज्ज्ञ हा आधी एमबीबीएस होतो आणि मग मनोविकारशास्त्रात पुढचे शिक्षण घेतो. गोळ्या-औषधे लिहून देण्याचे काम त्याचे.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक चाचण्या आणि मानसोपचार करतो. ही पाटी लावायची तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते. नुसते मानसशास्त्रात एम.ए. करून ती मिळत नाही. परिषदेने मंजूर केलेल्या संस्थेतला, परिषदेने मंजूर केलेला अभ्यासक्रमच करावा लागतो. संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर असते.

समुपदेशक किंवा समुपदेशन मानसशास्त्रज्ञ होण्याची नेहमीची वाट म्हणजे मानसशास्त्रात बी.ए. किंवा बी.एस्सी. आणि त्यानंतर मानसशास्त्रात किंवा समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी.

चौथा समाजकार्यकर्ता. त्याची पदवी एम.एस.डब्ल्यू. रुग्णालय, पोलीस ठाण्यातला महिला कक्ष, बालकल्याण, व्यसनमुक्ती अशा ठिकाणी समुपदेशनाचे पुष्कळ काम हेच लोक करतात.

याबाबत २०२१ मध्ये केंद्राचा एक महत्त्वाचा कायदा झाला. संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी त्याने राष्ट्रीय आयोग नेमला. त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, एचआयव्ही आणि कुटुंबनियोजन समुपदेशक, वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्ते अशी नावे आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तेवढे आरसीआयकडेच राहिले आहेत. या कायद्यात 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणवून घेण्यासाठी किमान ३,६०० तासांची, ३ ते ६ वर्षांत पुरी होणारी पदवी सांगितली आहे. 'संबद्ध आरोग्य व्यावसायिका'लासुद्धा २ ते ४ वर्षांत किमान २,००० तास लागतात. आता हातातले पत्रक पुन्हा वाचा. शनिवार-रविवारचे सहा महिने म्हणजे किती तास होतात? असा छोटा कोर्स ओळख म्हणून वाईट नाही. शिक्षिकेला, आशाताईला किंवा अंगणवाडीताईला तो उपयोगी पडतो. पण तो करून 'समुपदेशक' झालो असे समजू नये.

दूरशिक्षणाचा बदललेला नियम

घरी बसून, पत्राने किंवा मोबाईलवर मानसशास्त्र शिकण्याची सोय वस्तीतल्या बायांना परवडणारी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ती बंद केली. २०२१ च्या कायद्यात येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असे आयोगाने विद्यापीठांना कळवले. त्यात मानसशास्त्राचे नाव स्पष्ट आहे. बी.ए.ला अनेक विषय असतील तर त्यातला मानसशास्त्र हा विषय बंद झाला. मराठी, इतिहास, समाजशास्त्र हे विषय घेऊन दूरशिक्षणाने बी.ए. करता येते.

ही बंदी नव्या प्रवेशांना आहे. त्यामुळे यापुढे कोणी "घरबसल्या मानसशास्त्रात एम.ए." असे सांगून पैसे मागू लागला तर पावती फाडण्याआधी थांबा. दूरशिक्षणाचा कोणताही कोर्स घेताना यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचे, त्या कोर्सचे आणि त्या वर्षाचे नाव आहे का, हे तिन्ही पाहा. विद्यापीठ खरे आणि कोर्स बिनमान्यतेचा, असेही असू शकते.

वर्षांचा हिशेब

बारावी कोणत्याही शाखेची असली तरी मानसशास्त्राच्या बी.ए.ला प्रवेश मिळतो. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवी ३ वर्षांची किंवा ऑनर्ससह ४ वर्षांची आहे. ३ वर्षांची पदवी घेतली तर एम.ए. २ वर्षांचे आणि ४ वर्षांची घेतली तर १ वर्षाचे. म्हणजे बारावीनंतर ५ वर्षे धरून चालावे. क्लिनिकलकडे जायचे असेल तर त्याहून जास्त.

हा अभ्यास आता श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये मोजतात. १५ तासांच्या शिकवणीला किंवा ३० तासांच्या प्रात्यक्षिकाला एक क्रेडिट. ३ वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. मिळवलेली क्रेडिट शैक्षणिक बँकेत मुलीच्या नावावर जमा होतात. आपल्या घरांसाठी ही मोठी गोष्ट आहे. लग्नामुळे, बाळंतपणामुळे किंवा पैशाअभावी शिक्षण तुटले तरी ३ वर्षांच्या आत परत येता येते. एकूण ७ वर्षांत पदवी पुरी करायची असते. म्हणून शिक्षण मध्येच थांबवावे लागले तर गुणपत्रक आणि क्रेडिटची नोंद घेतल्याशिवाय कॉलेज सोडू नका.

दुसरी वाट एम.एस.डब्ल्यू.ची. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर २ वर्षे. ज्यांची बी.ए. किंवा बी.कॉम. आधीच झाली आहे आणि ज्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे शक्य नाही, त्यांना आम्ही हीच वाट सांगतो.

तिसरा प्रश्न आमच्यासारख्या नर्सेसचा. जीएनएम ही ३ वर्षांची पदविका आहे, पदवी नव्हे. तिच्यावर थेट एम.ए.ला किंवा एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश मिळत नाही. नर्सिंगमध्येच राहून मानसिक आरोग्याकडे वळायचे असेल तर मनोविकार शुश्रूषेची १ वर्षाची पोस्ट बेसिक पदविका आहे. पदवी हवी असेल तर २ वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येते. नोकरी न सोडता शिकायचे असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून समाजशास्त्रासारखा विषय घेऊन बी.ए. करावे आणि मग कॉलेजात जाऊन एम.एस.डब्ल्यू. ही वाट लांबची आहे, पण पक्की आहे.

आपल्या भागात कुठे विचारायचे

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचे मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले आहे. समाजकार्यासाठी साताऱ्याजवळ जकातवाडीला यशवंतराव चव्हाण स्कूल ऑफ सोशल वर्क आहे आणि कोल्हापूरला सायबर संस्था. पुण्याला जाणे शक्य असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानसशास्त्र विभाग आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत उपयोजित मानसशास्त्राचे एम.ए. आहे. तिथला प्रवेश सीयूईटी-पीजी या राष्ट्रीय परीक्षेतून होतो.

कॉलेजात गेल्यावर पाच गोष्टी विचारा आणि वहीत लिहून आणा.

१. मानसशास्त्र इथे मुख्य विषय म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत आहे का, की फक्त जोडविषय म्हणून?
२. चौथे ऑनर्स वर्ष आणि एम.ए. इथेच आहे का?
३. पेपर मराठीत लिहिता येतात का? पुस्तके कोणत्या भाषेत आहेत?
४. प्रात्यक्षिक कुठे असते, किती तासांचे असते आणि त्यावर देखरेख कोण करते?
५. वर्षाची एकूण फी किती, आणि शिष्यवृत्तीच्या मुलांकडून प्रवेशाच्या वेळी किती घेता?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले नाही तर दुसरे कॉलेज पाहा. इंजेक्शन कसे द्यायचे हे वाचून नर्स होत नाही. तसेच माणसासमोर बसल्याशिवाय आणि नंतर आपले काय चुकले हे शिक्षकाकडून समजून घेतल्याशिवाय समुपदेशक घडत नाही.

पैसा आणि कागद

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. घरचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असावे लागते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात आणि तो दरवर्षी नव्याने पुढे चालू करावा लागतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काच्या माफीची वेगळी योजना आहे. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. ते जोडणे राहिले म्हणून पैसे अडकलेली कितीतरी मुले आम्ही पाहतो.

गाव सोडून शिकायला गेलेल्या आणि सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरात राहणे-जेवणे धरून वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात, लहान ठिकाणी त्याहून कमी. उत्पन्नाची आणि गुणांची अट आहे. ज्या गावात घर आहे त्याच गावच्या कॉलेजात शिकणाऱ्याला ती मिळत नाही.

कागदांत जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला हे पाच आधी जमवा. वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, म्हणून त्याचा अर्ज बारावीत असतानाच करावा. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती लागू आहेत. पण टाटा संस्थेसारख्या ठिकाणी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. तो तहसील कचेरीतून वेगळा मागून घ्यावा.

मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती मिळत नाही. खाजगी आणि अभिमत विद्यापीठात योजना लागू आहे की नाही हे लेखी विचारा. "नंतर बघू" या उत्तरावर पैसे भरू नका. अडचण आली तर जिल्ह्याच्या सामाजिक न्याय भवनात समाजकल्याण सहायक आयुक्तांचे कार्यालय आहे. तिथे अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

पुढे काम कुठे मिळते

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे त्यात आहे. शाळा-कॉलेजांत या कामाची मागणी वाढायला त्याने आधार मिळाला आहे. याशिवाय जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य कार्यक्रम, एचआयव्ही तपासणी व समुपदेशन केंद्रे, किशोरवयीनांची आरोग्य केंद्रे, महिलांसाठीची सखी वन स्टॉप केंद्रे आणि व्यसनमुक्ती केंद्रे ही कामाची ठिकाणे आहेत. यातल्या बऱ्याच सरकारी जागा कंत्राटी असतात, हेही मुलीला आधीच सांगून ठेवावे. जाहिरातीत कोणती पदवी मागितली आहे ते पाहत जा. दोन-चार जुन्या जाहिराती कापून वहीत चिकटवल्या तरी कोणती पदवी घ्यावी हे निम्मे कळते.

शिकत असतानाच आपल्या भागातले काम पाहून यावे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेले परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे. सांगलीत संग्राम संस्था १९९२ पासून एचआयव्ही आणि बायांच्या हक्कांवर काम करते. पुण्यात बापू ट्रस्टने वस्त्यांमध्येच मानसिक आरोग्याचे काम उभे केले आहे. परवानगी घेऊन असे काम पाहिले की आपल्याला हे जमेल का, याचा अंदाज येतो.

दोन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. पहिली, वस्तीत भिंतीला भिंत लागून असते आणि गोष्ट फिरायला वेळ लागत नाही. समुपदेशकाने ऐकलेले घरी नवऱ्यालाही सांगायचे नसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. दुसरी, या गुप्ततेलाही मर्यादा आहे. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवावेच लागते, मग करणारा नात्यातला असला तरी. हे ज्याला झेपेल त्यानेच या वाटेला यावे.

घरच्यांसाठी

आईवडिलांना आमचे सांगणे एवढेच. "बोलण्याचेच तर काम आहे, त्याला पाच वर्षे कशाला?" असे म्हणू नका. जातीचा अपमान काय असतो हे पुस्तकात वाचून शिकलेला समुपदेशक आणि तो पचवून, शिकून आलेला समुपदेशक यांत फरक असतो. आपल्या मुली त्या खुर्चीत बसल्या तर वस्तीतल्या बाईला आपले दुःख पहिल्यापासून समजावून सांगावे लागणार नाही. पण ती खुर्ची पक्क्या पदवीची हवी.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी विहारात वंदना आणि भाषणे झाल्यावर एक टेबल मांडा. अकरावी-बारावीच्या मुलामुलींची नावे लिहून घ्या. कोणाचा वैधतेचा अर्ज राहिला, कोणाचे खाते आधारशी जोडलेले नाही, कोणाला कोणते काम आवडते, हे एकेकाला विचारा. नोव्हेंबरात हे झाले तर जूनमध्ये धावपळ होत नाही आणि पत्रके वाटणाऱ्यांच्या हाती पैसे जात नाहीत.

आणि हे सगळे होईपर्यंत घरात कोणी फार खचलेले दिसले, जगण्यात राम नाही असे बोलू लागले, तर वाट पाहू नका. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक आजच भिंतीवर लिहून ठेवा.